घटना शेकडो, अलार्म मोजके: झॅबिक्समध्ये इव्हेंट आणि अलार्म कसे बसवावेत

पणजीला मुख्य कार्यालय आणि म्हापसा, डिचोली, वाळपई, फोंडा, मडगाव, काणकोण इथे शाखा, असे एखाद्या पतसंस्थेचे नेटवर्क डोळ्यांसमोर आणा. वाळपईच्या शाखेत एक राउटर, दोन स्विच, चार कॅमेरे, एक प्रिंटर आणि एक हजेरीचे यंत्र, अशी नऊ उपकरणे आहेत. या सगळ्यांवर लक्ष ठेवायला पणजीत झॅबिक्स हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर चालते. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की त्या सर्व्हरला नऊही उपकरणे एकदम बंद दिसतात. काही बदल न करता सगळे सूचनांना जोडून दिले असेल, तर इंजिनिअरच्या फोनवर नऊ मेसेज येतात आणि लाइन परत आली की आणखी नऊ. लाइन तीनदा आली-गेली तर चोपन्न. एवढे मेसेज आल्यावर माणूस फोन सायलेंट करतो आणि त्याच रात्री मुख्य सर्व्हर रूमचा एसी बंद पडल्याचा मेसेज न वाचलेल्या ढिगात जातो.

म्हणून सुरुवातीलाच एक नियम ठरवा. घटना (इव्हेंट) म्हणजे नोंद, आणि ती प्रत्येक बदलाची ठेवा. अलार्म म्हणजे कुणीतरी उठून काही करायला हवे अशी बाब. ज्या अलार्मवर करण्यासारखे काहीच नाही, तो फोनवर जाता कामा नये. पुढची सगळी मांडणी याच नियमावर उभी आहे. इथे झॅबिक्स ७.० मधली मेनूची नावे दिली आहेत. जुन्या आवृत्तीत मेनू थोडे वेगळे असले तरी कामाची पद्धत तीच.

आधी साखळी समजून घ्या

झॅबिक्समध्ये मोजमापाला आयटम म्हणतात. त्या मोजमापावर लावलेली अट म्हणजे ट्रिगर. अट खरी झाली की ट्रिगर ‘प्रॉब्लेम’ स्थितीत जातो आणि एक इव्हेंट तयार होतो. अट खोटी झाली की ‘ओके’चा दुसरा इव्हेंट बनतो आणि आधीचा प्रॉब्लेम मिटतो. मेसेज पाठवण्याचे काम ट्रिगर करत नाही, ते ॲक्शन करते. ॲक्शन कुणाला, कशावर आणि केव्हा कळवायचे ते ठरवते. मेसेज आला नाही म्हणून लोक ट्रिगर खणत बसतात आणि दोष ॲक्शनमध्ये किंवा युजरच्या परवानगीत निघतो. त्यामुळे या कड्या वेगवेगळ्या तपासण्याची सवय लावून घ्या.

नव्याने बसवलेल्या झॅबिक्समध्ये प्रशासकांना प्रॉब्लेम कळवणारी एक तयार ॲक्शन असते, पण ती बंद अवस्थेत असते. पडद्यावर लाल पट्टी दिसते आणि मेल मात्र येत नाही, या तक्रारीचे हे पहिले कारण.

पायरी १: पिंग नीट बसवा

शाखा जिवंत आहे की नाही, हे आयसीएमपी पिंगने पाहायचे. झॅबिक्स त्यासाठी एफपिंग हा प्रोग्राम वापरतो. तो सर्व्हरवर बसवलेला आणि झॅबिक्सच्या युजरला चालवता येणारा हवा, नाहीतर आयटम ‘नॉट सपोर्टेड’ होतो.

एका तपासणीत मुळात तीन पॅकेट जातात. जिवंत की मेलेले एवढेच पाहायचे तर तीन पुरतात. पॅकेट गळती मोजायला मात्र ती कमी पडतात, कारण तीन पॅकेटांत गळतीचा आकडा शून्य, सुमारे ३३, ६७ किंवा १०० एवढाच येऊ शकतो. अशा वेळी २० टक्क्यांची मर्यादा लावली तर एक पॅकेट हरवले तरी ती ओलांडली जाते. गळतीच्या आयटममध्ये पॅकेट २० करा आणि दोन पॅकेटांमधले अंतर २०० मिलिसेकंद ठेवा. तपासणी साधारण चार सेकंदांत संपते आणि पाच-पाच टक्क्यांचा फरक दिसतो.

पॅकेट वाढवली की पिंग करणाऱ्या प्रोसेसवर भार येतो. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमधले ‘स्टार्टपिंगर्स’ मुळात १ असते. पन्नासेक उपकरणांवर वीस-वीस पॅकेट लावायची असतील तर ते ५ पर्यंत न्या आणि सर्व्हर सेवा पुन्हा सुरू करा. पिंगर प्रोसेस किती व्यग्र आहे, हे झॅबिक्सच्या स्वतःच्या आलेखात दिसते. ती सतत ७५ टक्क्यांच्या वर असेल तर तपासण्या उशिरा होतात आणि अलार्मही उशिरा येतात.

शाखेच्या राउटरची तपासणी दर ३० सेकंदांनी ठेवा आणि त्यामागच्या स्विच-कॅमेऱ्यांची दर मिनिटाला. हा फरक मुद्दाम ठेवायचा आहे, त्याचे कारण पायरी ३ मध्ये येते.

पायरी २: ट्रिगरला उतावीळ होऊ देऊ नका

डेटा कलेक्शन, होस्ट्स, मग त्या होस्टचे (म्हणजे उपकरणाचे) ट्रिगर्स, या वाटेने नवा ट्रिगर बनवा. राउटरसाठी अट अशी: पिंगच्या शेवटच्या तीन मूल्यांतले सर्वांत मोठे मूल्य शून्य. म्हणजे लागोपाठ तीनही तपासण्या फसल्या पाहिजेत. ३० सेकंदांच्या अंतराने तिसरे अपयश येईपर्यंत लाइन गेल्यापासून एक ते दीड मिनिट जाते. एवढी सबुरी हवीच. फक्त शेवटच्या मूल्यावर अट लावली की एक पिंग चुकला तरी अलार्म वाजतो.

परत येण्याची अट वेगळी लिहा, ही पायरी सर्वाधिक ठिकाणी राहून जाते. ‘ओके इव्हेंट जनरेशन’ या ओळीत ‘रिकव्हरी एक्स्प्रेशन’ निवडा आणि तिथे लिहा: गेल्या पाच मिनिटांतले पिंगचे सर्वांत लहान मूल्य एक. म्हणजे लाइन सलग पाच मिनिटे टिकली तरच प्रॉब्लेम मिटेल. पावसात ओल धरलेला जोड दर दोन मिनिटांनी लाइन आणतो-नेतो. रिकव्हरीची अट नसेल तर त्याचे दहा अलार्म होतात, असेल तर एकच अलार्म चालू राहतो. मूळ अट खोटी आणि रिकव्हरीची अट खरी, असे दोन्ही झाल्याशिवाय झॅबिक्स प्रॉब्लेम मिटवत नाही, हे लक्षात असू द्या. दोन अटी एकमेकींना छेदत असतील तर प्रॉब्लेम कायमचा अडकून बसतो.

हीच युक्ती बँडविड्थला लावा. १०० एमबीपीएसच्या लीज लाइनवर अट: १५ मिनिटांची सरासरी ९० एमबीपीएसच्या वर. रिकव्हरी: १५ मिनिटांची सरासरी ७० च्या खाली. मोजणीसाठी ६४ बिटांचे काउंटर घ्या. येणाऱ्या वाहतुकीचा ओआयडी (उपकरणातला एखादा आकडा ज्या क्रमांकाने वाचतात तो) १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ आहे. जुना ३२ बिटांचा काउंटर १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगात पावणेसहा मिनिटांत भरून शून्यावर येतो, आणि १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. पाच-पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला त्यातून खोटेच आकडे मिळतात.

असाच एक सापळा अपटाइमचा, म्हणजे उपकरण किती वेळ सलग चालू आहे त्या आकड्याचा. ‘उपकरण रीस्टार्ट झाले’ हा ट्रिगर बहुधा सिस्टिम अपटाइम कमी झाला की पेटतो. ओआयडी १.३.६.१.२.१.१.३.० हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो आणि ३२ बिटांचा असल्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. दीड वर्ष न हललेला चांगला स्विच अचानक ‘रीस्टार्ट’ झालेला दिसतो. या ट्रिगरची तीव्रता ‘इन्फर्मेशन’च ठेवा.

पायरी ३: अवलंबित्व

ट्रिगरच्या ‘डिपेंडन्सीज’ टॅबमध्ये, हा ट्रिगर कुणावर अवलंबून आहे ते सांगता येते. कॅमेऱ्याचा ट्रिगर स्विचवर, स्विचचा शाखेच्या राउटरवर, शाखेच्या राउटरचा पणजीतल्या मुख्य राउटरवर. वरचा ट्रिगर प्रॉब्लेममध्ये असेल तर खालचा हलत नाही. वाळपईच्या नऊ अलार्मांचा एक होतो.

मात्र वरचा आधी पेटला तरच हे जमते. कॅमेऱ्याची तपासणी राउटरच्या आधी तीनदा फसली तर कॅमेऱ्याचा मेसेज निघून जातो. म्हणून राउटरला ३० सेकंद आणि तीन मूल्ये, मागच्या उपकरणांना ६० सेकंद आणि चार मूल्ये. राउटर दीड मिनिटाच्या आत पकडला जातो, कॅमेऱ्याला तीन ते चार मिनिटे लागतात. राउटरची तपासणी कधी उशिरा झाली तरी मध्ये पुरेशी फट राहते.

शाखेला दोन लाइन असतील तर इथे जपा. एका ट्रिगरला दोन अवलंबित्वे दिली तर त्यातले कोणतेही एक पेटले की खालचा गप्प बसतो. मुख्य फायबर गेली पण फोर-जी बॅकअप चालू आहे, तेव्हा कॅमेरा खरोखर बिघडला तरी कुणाला कळणार नाही. दोन्ही लाइन एकत्र गेल्या तरच पेटणारा वेगळा ट्रिगर बनवा आणि खालची उपकरणे फक्त त्याच्यावर अवलंबून ठेवा.

आणि ‘शाखा बॅकअपवर चालू आहे’ हा अलार्म विसरू नका. आमच्या मते सगळ्या यादीत हा सर्वांत मोलाचा. काम चालू असते, ग्राहक तक्रार करत नाहीत, मुख्य लाइन आठवडेच्या आठवडे मेलेली राहते आणि बॅकअप पडल्यावर एकदम सगळे ठप्प होते. हा अलार्म राउटरच्या पोर्टच्या स्थितीवर लावू नका. फायबर बाहेर तुटली तरी राउटर आणि ओएनटी (शाखेत फायबर जिथे येऊन संपते ती पेटी) यांच्यामधली इथरनेट केबल शाबूत असते, त्यामुळे पोर्टची स्थिती १, म्हणजे ‘चालू’च दिसते. फक्त मुख्य लाइननेच पोहोचता येईल असा एखादा पत्ता पिंग करा आणि तो बॅकअपच्या वाटेने पोहोचत नाही ना, हे राउटिंग टेबलात पाहून घ्या.

पायरी ४: वीज आणि यूपीएस

गोव्यात मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो, झाडे तारांवर पडतात, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात वीज परतायला वेळ लागतो. शाखा पडण्याचे कारण पुष्कळदा लाइन नसून वीज असते. नेटवर्क कार्ड असलेला यूपीएस घेतला तर हे कारण आधीच कळते.

बरेच यूपीएस आरएफसी १६२८ चा प्रमाण एमआयबी (ओआयडींची ठरलेली यादी) पाळतात. त्यातले तीन आकडे पुरतात. आउटपुट कशावर चालू आहे: १.३.६.१.२.१.३३.१.४.१, मूल्य ३ म्हणजे नेहमीची वीज, ५ म्हणजे बॅटरी. बॅटरीवर किती सेकंद झाले: १.३.६.१.२.१.३३.१.२.२. अंदाजे किती मिनिटे उरली: १.३.६.१.२.१.३३.१.२.३. प्रत्यक्ष वाचताना तिन्हींच्या शेवटी .० जोडा. कार्ड कंपनीचा स्वतःचा एमआयबी वापरत असेल तर त्याच अर्थाचे ओआयडी त्या कंपनीच्या फाइलमधून घ्या.

वीज गेली, मूल्य ५ झाले: ‘इन्फर्मेशन’, मेसेज नाही. बॅटरीवर ६०० सेकंद झाले: ‘वॉर्निंग’, फक्त डॅशबोर्डवर. उरलेली मिनिटे १५ च्या खाली: ‘हाय’, शाखेतल्या माणसाला फोन, जनरेटर सुरू करा किंवा सर्व्हर रीतसर बंद करा. मिनिटांचा आकडा जुन्या बॅटरीवर फसवा असतो. २५ मिनिटे दाखवणारी बॅटरी पाच मिनिटांत बसू शकते, म्हणून वर्षातून एकदा, मे महिन्याच्या आत, भार देऊन ती किती टिकते ते पाहा आणि १५ चा आकडा त्यानुसार वाढवा.

शाखेत जाऊन एक गोष्ट डोळ्यांनी पाहा: ओएनटी आणि मीडिया कन्व्हर्टर यूपीएसवर आहेत का? राउटर यूपीएसवर आणि ओएनटीचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये, हे दृश्य नवीन नाही. वीज जाताच लाइन जाते आणि यूपीएसचा अलार्म पणजीला पोहोचतच नाही.

राउटरचा ट्रिगर यूपीएसवर अवलंबून ठेवण्याचा मोह टाळा. शाखा बंद पडली ही बातमी कारण माहीत असले तरी जायलाच हवी.

पायरी ५: ट्रॅप

एसएनएमपी ट्रॅप म्हणजे उपकरणाने न विचारता स्वतःहून पाठवलेला संदेश. ट्रॅप यूडीपी १६२ पोर्टवर येतात. झॅबिक्ससाठी एसएनएमपीट्रॅपडी हा प्रोग्राम ते पकडून एका फाइलमध्ये लिहितो आणि सर्व्हर ती फाइल वाचतो. कॉन्फिगरेशनमध्ये ‘स्टार्टएसएनएमपीट्रॅपर’ १ करा आणि फाइलचा मार्ग दोन्हीकडे एकच आहे ना ते पाहा. ट्रॅप कुणाचा, हे होस्टच्या एसएनएमपी इंटरफेसवर लिहिलेल्या पत्त्यावरून ओळखले जाते. राउटर दुसऱ्याच इंटरफेसच्या पत्त्यावरून ट्रॅप पाठवत असेल तर तो कुठल्याच होस्टला लागत नाही. राउटरवर ट्रॅपचा सोर्स इंटरफेस ठरवून द्या.

ट्रॅपवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. यूडीपीत संदेश पोहोचल्याची पोच मिळत नाही, आणि ज्या राउटरची एकुलती लाइन तुटली तो ‘लाइन तुटली’ हा ट्रॅप पाठवणार कशाने? ट्रॅप लवकर कळण्यासाठी, पिंग खात्रीसाठी.

लिंक-डाउन ट्रॅप १.३.६.१.६.३.१.१.५.३ आणि लिंक-अप १.३.६.१.६.३.१.१.५.४ यांची जोडी लावताना प्रॉब्लेम इव्हेंटची पद्धत ‘मल्टिपल’ ठेवा, ट्रॅपच्या मजकुरातून इंटरफेसचा क्रमांक काढून तो टॅग करा, आणि ओके इव्हेंटने ‘टॅगची मूल्ये जुळली तरच’ प्रॉब्लेम मिटवायचा असे निवडा. नाहीतर पाचव्या पोर्टचा लिंक-अप बाराव्या पोर्टचा प्रॉब्लेम मिटवून टाकेल. ज्या पोर्टांवर साधे संगणक आहेत तिथे स्विचवरच लिंक ट्रॅप बंद करा. संध्याकाळी सगळे संगणक बंद करून घरी जातात, त्याची बातमी कुणालाच नको.

पायरी ६: तीव्रता आणि ॲक्शन

झॅबिक्समध्ये तीव्रतेच्या सहा पायऱ्या आहेत. ‘इन्फर्मेशन’ नुसत्या नोंदीपुरती सोडली तर कामाला तीन पुरतात. ‘वॉर्निंग’ डॅशबोर्डवर, ते सकाळी पाहायचे. ‘हाय’ ड्युटीवरच्या इंजिनिअरच्या फोनवर. ‘डिझास्टर’ फक्त पणजीच्या सर्व्हर रूमसाठी आणि मुख्य राउटरसाठी, सगळ्यांना, रात्रीसुद्धा.

अलर्ट्स, ॲक्शन्स, ट्रिगर ॲक्शन्स. अट: तीव्रता ‘हाय’. ‘ऑपरेशन्स’मध्ये पायरीचा कालावधी मुळात एक तास असतो, तो ५ मिनिटे करा. पहिली पायरी रिकामी सोडा. दुसऱ्या पायरीला ड्युटीवरच्या इंजिनिअरला मेसेज. चौथ्या पायरीला त्याच्या वरिष्ठाला, आणि तिथे ‘इव्हेंट ॲक्नॉलेज झालेला नसेल तर’ (म्हणजे ‘पाहिला’ अशी खूण कुणी केली नसेल तर) ही अट. म्हणजे प्रॉब्लेम टिकून राहिला तर पाचव्या मिनिटाला इंजिनिअर आणि पंधराव्याला वरिष्ठ. ट्रिगरचा दीड मिनिट यात धरून एकूण उशीर साडेसहा मिनिटे होतो. शाखेला तो चालतो, मुख्य राउटरला चालणार नाही, म्हणून ‘डिझास्टर’साठी वेगळी ॲक्शन पहिल्या पायरीपासून.

‘रिकव्हरी ऑपरेशन’मध्ये ‘नोटिफाय ऑल इन्व्हॉल्व्ड’ निवडा. तिथे थेट ग्रुप निवडला तर ज्यांना प्रॉब्लेम कधी कळवलाच नव्हता, त्यांनाही ‘मिटला’ असा मेसेज जातो. मेसेजमध्ये होस्टचे नाव, इव्हेंटची वेळ आणि शेवटचे मूल्य यांचे मॅक्रो (आपोआप भरले जाणारे शब्द) घाला, आणि होस्टच्या वर्णनात लाइनचा सर्किट क्रमांक लिहून तोही मेसेजमध्ये आणा. रात्री दोन वाजता सेवा पुरवठादाराला फोन लावताना पहिला प्रश्न तोच असतो.

मेसेज आला नाही तर क्रमाने पाहा: ॲक्शन चालू आहे का, युजरच्या मीडियात त्या तीव्रतेची खूण आहे का, मीडियाची वेळ १ ते ७ वार आणि ००:०० ते २४:०० अशी आहे का, आणि युजरच्या ग्रुपला त्या होस्ट ग्रुपची निदान वाचण्याची परवानगी आहे का. परवानगी नसेल तर झॅबिक्स मेसेज पाठवत नाही. नवा माणूस रुजू झाला की दोष बहुधा इथेच असतो. रिपोर्ट्समधला ‘ॲक्शन लॉग’ काय पाठवले गेले आणि कुठे अडले ते सांगतो.

पणजीची इंटरनेट लाइनच गेली तर मेल आणि टेलिग्राम दोन्ही बंद. त्यासाठी सर्व्हरला सिम कार्डाचा जीएसएम मोडेम जोडा, झॅबिक्सला त्यावरून थेट एसएमएस पाठवता येतो. इंटरनेटवरून चालणारी एसएमएस सेवा या प्रसंगी उपयोगाची नाही.

पायरी ७: शटडाऊन आणि सुट्ट्या

वीज खात्याच्या पूर्वनियोजित शटडाऊनची सूचना वर्तमानपत्रांत येते. ती वाचून डेटा कलेक्शन, मेंटेनन्स इथे त्या शाखेचा कालावधी टाका. प्रकार ‘विथ डेटा कलेक्शन’ निवडा, म्हणजे नोंदी चालू राहतात, मेसेज थांबतात. त्यासाठी ॲक्शनमध्ये ‘दडवलेल्या प्रॉब्लेमसाठी ऑपरेशन थांबवा’ ही खूण असायला हवी. दोन ठिकाणी वेळ भरावी लागते: मेंटेनन्स केव्हापासून केव्हापर्यंत वैध, आणि त्यात प्रत्यक्ष कालावधी कोणता. दुसरा भरला नाही तर मेंटेनन्स लागत नाही. सर्व्हर, फ्रंटएंड आणि युजर या तिघांचा टाइम झोन एशिया-कोलकाता आहे का तेही पाहा. यूटीसी राहिला असेल तर सकाळी नऊचा शटडाऊन दुपारी अडीचला लागू होतो.

वीज ठरल्यापेक्षा उशिरा आली तर मेंटेनन्स संपताच चालू प्रॉब्लेमचा मेसेज सुटतो. तो हवाच असतो, त्यासाठी कालावधी उगाच लांबवू नका.

चवथीला (गणेश चतुर्थीला) मात्र मेंटेनन्स लावू नका. कार्यालय बंद असले तरी शाखेतले कॅमेरे आणि धोक्याची घंटा चालू राहायला हवी. ‘कामाच्या वेळेत वाहतूक शून्य’ असा ट्रिगर असेल तर तेवढाच सुट्टीला बंद ठेवा. ३ डिसेंबर (सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त) आणि १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) हेही सुट्ट्यांच्या यादीत घाला.

पायरी ८: तपासून पाहा

मीडिया टाइपच्या समोर ‘टेस्ट’ असते, ते आधी दाबा. मग संध्याकाळी काम संपल्यावर खरोखर एका शाखेची फायबर काढा. राउटरचा एकच अलार्म आला का, कॅमेरे गप्प राहिले का, साडेसहा मिनिटांच्या आत मेसेज आला का, परत जोडल्यावर पाच मिनिटांनी मिटला का, हे घड्याळ लावून पाहा. बॅकअप असलेल्या शाखेत एकेक लाइन स्वतंत्र काढा, मग दोन्ही. यूपीएसचा प्लगही भिंतीतून काढा.

न वाजलेल्या अलार्मचाही शोध घ्या. आयटम ‘नॉट सपोर्टेड’ झाला की त्याचा ट्रिगर ‘अननोन’ होतो आणि कितीही बिघडले तरी पेटत नाही. स्विचचे फर्मवेअर बदलल्यावर किंवा एसएनएमपीचा पासवर्ड बदलल्यावर हे होऊ शकते. अशा आयटमांची बातमी देणारी तयार ‘इंटर्नल ॲक्शन’ बंद असते. ती चालू करा, पण मेल फक्त मॉनिटरिंग सांभाळणाऱ्याला जाऊ द्या.

राहिला तो स्वतः झॅबिक्स सर्व्हर. तो पडला तर सगळीकडे शांतता पसरते, आणि शांतता चांगल्या दिवसासारखीच दिसते. मडगावच्या शाखेत एक जुना संगणक ठेवा. त्याने दर पाच मिनिटांनी पणजीच्या सर्व्हरचा १००५१ पोर्ट आणि वेब पान तपासावे, आणि तीनदा उत्तर आले नाही तर स्वतःच्या वेगळ्या मोडेमवरून एसएमएस करावा. तो संगणक स्वतः जिवंत आहे हे कळण्यासाठी त्याला रोज सकाळी साडेनऊला एक एसएमएस पाठवायला लावा. तो आला नाही हे ज्याच्या लक्षात यायला हवे, त्या माणसाचे नाव ड्युटीच्या वेळापत्रकात लिहून ठेवा.